शिवलीला९४

निवृत्त होताना अप्पांनी चार गोष्टी हवाली केल्या:
किल्ल्यांचा जुडगा, रबराचे हातमोजे,
एक पाय आखूड असलेलं स्टूल,
आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेला पासवर्ड.
लेकीचं नाव, पुढं जन्माचं साल.
"लेकीचं नाव कोण इसरतंय?" म्हणाले.

मीही बदलला नाही. सहा वर्षं
पाळीवर बसले की आधी शिवलीला टाइप करायचं,
जिला मी एकदाच पाहिलं होतं,
तिच्या बहिणीच्या लग्नात, हुग्गी वाढताना.

उदगीर, बिदर रस्त्याचं सबस्टेशन.
पाच फीडर, पडद्यावर पाच रेषा.
रेषा वाचायला कुणी शिकवत नाही.
पहाटे साडेचारला चढते ती पाणीपुरवठ्याची मोटर,
मग दूध शीतकरण, मग गिरण्या.
डाळमिल सुटली की चार नंबरची रेष बसकण मारते.
नवे मीटर आले तशी घरंसुद्धा बोलायला लागली,
दर पंधरा मिनिटांनी एक आकडा.
कुणाचा पंखा रात्रभर, कुणाची इस्त्री पहाटे.
चौबाऱ्याकडच्या एका घरात
रोज तीन वाजता एकच दिवा, अर्धा तास.
एवढं कळू नये माणसाला.
मी दुसरीकडं बघायचे.

चैत्रातला मंगळवार. दोन वाजून तेरा मिनिटं.
तीन नंबरचा ब्रेकर उघडला.
खट्.
हात माझे मांडीवर होते.
तार तुटलेली नाही, फांदी पडलेली नाही,
खांबावर घोरपड चढलेली नाही.
पडद्यावर एक ओळ: आदेशानुसार उघडला.
आदेश देणारी: शिवलीला.
ती तर त्या वेळी बिदरला झोपलेली,
कुशीत लेकरू.

उठले तसं स्टूल कलंडलं.
पॅनलवरची मूठ रिमोटवरून लोकलवर फिरवली,
म्हणजे आता कुणी कुठूनही काहीही म्हणो,
ब्रेकर ऐकणार फक्त इथल्या हाताचं.
मैनोद्दीन यार्डात बॅटरी घेऊन उभा राहिला.
"मारो बाई," म्हणाला.
मारला.

चार मिनिटं.
सरकारी दवाखान्यात जनरेटर घुरघुरत राहिला, धरेना,
आणि एक नर्स लेकराच्या तोंडावरचा फुगा
हातानं दाबत उभी होती.
हे मला दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर कळलं.

लातूरहून साहेब आले, लॅपटॉप लावून दोन दिवस बसले.
म्हणाले, तो एकोणीस दिवस आत होता.
काही करत नव्हता. नुसता बघत होता.
म्हणजे एकोणीस रात्री आम्ही दोघं
शेजारी शेजारी बसलो होतो,
त्याच पाच रेषांसमोर.
पाणी कधी सुटतं, गाव कधी निजतं,
चौबाऱ्याकडचा दिवा.
तो काही दुसरीकडं बघत नसणार.

पासवर्ड बदलला. सोळा अक्षरं,
त्यातलं एकही कुणाची लेक नाही.
पाठ व्हायला आठवडा गेला.
कॅलेंडरमागचं खोडरबरानं पुसलं,
पण पेन्सिलीचा दाब राहिलाय, बोटाला लागतो.

अप्पांचा फोन. "काढलंस का गं नाव?"
"काढलं."
पलीकडं नुसता टीव्हीचा आवाज.
मग म्हणाले, "बरं केलंस.
कुण्या परक्यानं घ्यावं असं नव्हतं ते नाव."
आणि लगेच, "स्टुलाखाली पुठ्ठा घाल की, पडशील."

त्यांना सांगितलं नाही,
अजून रोज रात्री दोन ते तीनच्या मधे
कुणीतरी तेच नाव टाकतं.
दार उघडत नाही. तरी टाकतं.
तेवढा तास मी मूठ लोकलवर ठेवते.
नियमात बसत नाही. ठेवते.

आता मात्र मी दुसरीकडं बघत नाही.
पुठ्ठा घातलाय, स्टूल हलत नाही.
सव्वातीनचा आकडा यायचाय.