काटा

फी किती, हे सगळे शेवटी विचारतात.
आधी विचारतात, काळा पट्टा किती महिन्यांत?
मी म्हणतो, लाल आधी मिळेल. आजच. पाठीला.
ते हसतात, चपला काढून आत येतात
आणि बघतात तर खरंच,
भाताच्या कोंड्यावर ताणलेली ही ताडपत्री
एकेकाळी ट्रकवर असायची,
कुडचड्याच्या रस्त्यानं खनिज झाकत धक्क्यापर्यंत जायची.
कितीदा धुतली. अजून रंग सोडते.
पोरांच्या आया माझ्या नावानं बोटं मोडतात
आणि साबण बदलतात.

मी काट्यावर होतो. वजनकाट्यावर, एकोणीस वर्षं.
ट्रक भरलेला चढायचा, रिकामा परतायचा,
मधला फरक मी वहीत लिहायचो.
खाण बंद पडली, वही कंपनीनं नेली.
उरलं ते एवढंच,
कुणाचं वजन कुठे आहे ते ओळखणं,
आणि वास्कोत एका म्हाताऱ्या खलाशानं
गोदामामागे शिकवलेला ज्युदो.

प्रज्योत विचारतो, कराटे चांगलं की हे?
तुझी सायकल पावसात कुठवर जाते?
जाते तिथलं चांगलं.

वेळीपबाईंना धास्ती, पोरगा मारामाऱ्या करील.
करतोच आहे तो, बाई.
इथे निदान आधी वाकून नमस्कार करील.

कार्मेलिनाचा घोव, वय बावन्न, गुडघा कुरकुरतो,
दारातूनच, 'सर, म्हाका जमतलें मरे?'
जमेल की. पडायला वय लागत नाही,
नीट पडायला थोडं लागतं.

आणि चाकू काढला कुणी, तर?
पळ.
हा आमचा सर्वांत जुना डाव. त्याला पट्टा नाही.

मडगावात एक शाळा आहे म्हणे, आरसे लावलेली,
गार हवा, भिंतभर ढाली. तिथे जाऊ?
जा. ढाली मोजू नकोस.
कोपऱ्यात बस, सर्वांत बारकं पोर शोध.
त्याला कोण, किती जोरात आपटतं ते बघ,
आणि आपटल्यावर ते कुणाकडे बघतं.
सरांकडे बघून ओठ चावत असेल
तर चपला घाल, घरी ये.

मंगळवारी दिवे मालवताना एक बाई आली, तिळामळची.
मुलीसाठी विचारते, म्हणाली.
विजेच्या बिलामागे प्रश्न लिहून आणलेले.
वय किती चालतं. बायका आहेत का.
दुपारचा वर्ग असतो का, चारच्या आत सुटणारा.
कपडे इथेच ठेवता येतील का.

मी मुलीचं नाव विचारलं.
ती बिलाकडे बघत राहिली. तिथे ते लिहिलेलं नव्हतं.

बाही धरू का, म्हटलं. दोन बोटांनी धरली.
सगळं वजन टाचांवर,
कुणी रोज समोरून ढकलत असावं तसं,
आणि मागे भिंत असावी तशी पाठ.
एवढे ट्रक तोलले मी, याच्यात चुकत नाही.
मागे नको, म्हटलं. तिरकं. डाव्या पायानं तिरकं.
तिनं पाय टाकला, अडखळली, पडली.
चुकीचीच पडली, पण हात आपटला जोरात.
कोंड्यानं हुश्श केलं.

उठली. हसत होती का, कळलं नाही,
कारण लगेच मान वळवून ती पाठ बघू लागली.
आकाशी कुडता. खांद्यापासून कमरेपर्यंत लाल.
तेव्हा माझ्या ध्यानात आलं
की हा रंग घरी काय काय सांगेल.
नळाशी उभी राहून ती चोळत होती,
मी टॉवेल धरून उभा.
एकोणीस वर्षं ही धूळ खाल्ली,
कधी अशी लाज वाटली नव्हती.

आज गुरुवार. खिळ्याला एक जुना गणवेश टांगलाय,
माप अंदाजानंच.
आत एक पांढरी चादर अंथरलीय, घरची, कामापुरती.
दोन वाजून गेले.
पोदेराचा भोंगा अजून व्हायचाय.
फी तिनं विचारलीच नाही.