हीण

हुपरीच्या एस.टी.नं अण्णा आले,
चप्पल लॅबच्या दाराशी काढली.
बोटांना अजून चांदीच्या पॉलिशचा वास,
पिशवीत आईची धपाटी.

खिडकीवर काळा कागद ओढला.
जांभळ्या दिव्याखाली नखाएवढा स्फटिक,
तीन आठवडे नळीत वाफ जमवून वाढवलेला,
डांबराच्या पोटचा. निळा.

म्हटलं, उजेड पडला की
एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो,
पण रिकामी जागा त्याला सोडत नाही.
दोघं जोडीनं हिंडतात
या रेणूच्या दारातून त्या रेणूच्या,
सेकंदाच्या अब्जाव्या भागात हजार घरं,
आणि थांबतात तिथं प्रकाश.

शेजारी दुसरा ठेवला.
"ह्यो हिरवा कसा?"
अण्णांची नजर कसाची.

"हीण आहे. लाखात एक रेणू परका.
सगळे फिरस्ते त्याच्याच ओसरीला टेकतात.
बाकीच्यांची पाळीच येत नाही."

चाळीस वर्षं मुशीपुढं
हीण जाळत आलेला माणूस
गुडघ्यांवर हात ठेवून
वाकून बघत राहिला. मी दिवा बदलला नाही.

"एवढं हीण जाळू नगंस," म्हणाले,
"आन् लाईट लाव आता,
पाच-दहाची गाडी हाय."