सेशन चारशे बारा

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर, ऐन मे महिन्यात
मी स्वेटर घालून बसतो.
गारवा यंत्रांसाठी. आम्ही फुकटात गारठतो.

रात्री एक दहा. पडद्यावर यादी:
कोण आत आलं, कुठून, केव्हापासून,
किती प्रोसेसर खाल्ला, किती मेमरी अडवली.
सगळ्यात वर दोनशे सात, महिनाअखेरचा रिपोर्ट,
लाखो ओळी उपसतोय, धापा टाकतोय.
इरावती म्हणाली, याला मारू?
नवी आहे. राबणाराच आधी डोळ्यांत सलतो.
म्हटलं, खाली बघ.

खाली, अगदी तळाला, चारशे बारा.
प्रोसेसर शून्य. वाचन शून्य. लेखन शून्य.
अवस्था: झोपलेला, संध्याकाळी पाच चाळीसपासून.
आणि मुठीत एक ओळ.
त्या एका ओळीसाठी मागे एकोणीस जण ताटकळलेले,
त्यात वाशीचं बिल, नेरूळची पावती,
आणि दर दोन मिनिटांनी नव्यानं येऊन उभा राहणारा
कुणी हट्टी मोबाइल ॲप.

झोपलेल्याला उठवता येतं म्हणतात, सोंग घेतलेल्याला नाही.
हा तिसराच.
याला कुणी तरी ‘थांब हं, आलेच’ म्हणून गेलंय.

दिघा, पाणीपट्टी, टेबल तीन.
फोन लावला. वॉचमन जिने चढला, श्वास ऐकू येत होता.
‘मशीन चालू हाय साहेब. खुर्चीवर ओढणी हाय.
मढवी बाईंची. सांच्याला पोटात दुखाया लागलं,
रिक्षात घालून नेलं.
सातवाच लागला व्हता वो.’

मी अर्धवट ओळ उघडून वाचली.
ग्राहक कुणी बबीबाई, विलंब आकार अठराशे चाळीस,
त्याच्या जागी बाईंनी घातलेलं शून्य,
अजून न नोंदलेलं.

मारलं की सगळं मागे फिरतं.
शून्य पुसलं जातं, अठराशे चाळीस परत येतात,
बाईंचा हात तिथं लागलाच नव्हता असं होतं.
नंबर चिठ्ठीवर उतरवला. मग मारलं.
एकोणीस जण एकदम आत घुसले,
आलेख उसळला, बसला.
इरावतीनं नोंदवहीत विचारलं, कारण काय लिहू?
‘वापरकर्ता जागेवर नाही’ लिही, म्हटलं.
तिनं लिहिलं. थोडा वेळ पेन तसंच धरून बसली.

पाचव्या दिवशी टेबल तीनवरून नवं सेशन, नाव दुसरंच.
फोन केला, चिठ्ठी वाचून दाखवली.
मढवी बाई कशा आहेत?
‘मी बदलीवर आलोय, सर. नंबर परत सांगा.’

त्यानं शून्य टाकलं. लगेच नोंदवलं.
अकरा मिलिसेकंद.
चिठ्ठी टाकून द्यायला हवी होती.
स्वेटरच्या खिशात आहे अजून,
काही खात नाही, काही मागत नाही.