डाव्या कुशीवर

रात्रीपासून पोटात काही नाही,
कुठल्याच देवाच्या खाती न जाणारा उपास.
डंडीत नोव्हेंबरचे साडेआठ, रस्त्यावर अजून दिवे.

आयली नावाची मुलगी जेलची बाटली हातात घोळवते,
तरी म्हणते, सॉरी, गार लागेल.
उजव्या बरगडीखाली आवाज सोडते,
मला ऐकू न येणारा.
आपल्याकडे खडा टाकून पाहतात,
ही आवाज टाकून खडा पाहते.

श्वास घ्या. धरा.
(छताच्या एका फरशीवर चहाचा डाग. तिथे चहा कसा?)
सोडा.

तीन वर्षं सांगत होते, जेवले की इथून पाठीत कळ जाते.
डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी.
अरविंद म्हणाला, तुझं पित्तच लवकर खवळतं,
आणि कोकम आणून ठेवलं, प्रेमानेच.

आता डाव्या कुशीवर, मिसेस गुर्जर.
वळले. पडद्यावर तीन पांढरे ठिपके
माझ्यामागून घरंगळत आले,
हाक मारल्यावर उशिरा उठणाऱ्या पोरांसारखे.
"हलले!" ती खूश झाली, मग सावरली.
प्रत्येकामागे एक काळी पट्टी, सरळ खाली.
आवाज तिथून पुढे जात नाही, म्हणाली,
त्या सावलीवरूनच ओळखायचं.
सगळ्यात मोठा? अकरा मिलिमीटर.
म्हणजे हरभरा.
घरी फोनवर हेच सांगेन आधी:
हरभरा, सावलीसकट.

कागदी रुमालाने पोट पुसलं, निम्मा जेल परकराला.

खाली कँटीनमध्ये टोस्ट मागितला.
बटर? बाईने विचारलं.
सुरी वर धरून
थांबली होती.