चाळिसातलं एक

पहिल्या खेपेला चाळीस कासवं धरली,
अनेरच्या पाण्यात, धरणाच्या शेपटाकडे,
जिथे पाणी ओसरलं की टरबुजाच्या वाड्या लागतात.
शिरपूरच्या बाजारातली मोरपंखी नेलपॉलिश,
प्रत्येकाच्या पाठीवर हरभऱ्याएवढा ठिपका.
सुकेपर्यंत सुपडू भोई एकेकाला मांडीवर घेऊन बसायचा,
ताप आलेल्या लेकराला घ्यावं तसा.
उरलेली बाटली त्याच्या नातीनं पायाच्या बोटांवर संपवली.
तिला मी हिशेबात धरलं नाही.

मग पंधरा दिवस काही करायचं नाही.
मिसळू द्यायचं.

दुसऱ्या खेपेला पस्तीस. त्यात ठिपक्याची सात.
होडीच्या फळीवर खडूनं मांडलं:
पस्तिसात सात, म्हणजे पाचात एक.
तळाशीही तसंच असणार, पाचात एक आपलं.
आपली चाळीस.
म्हणून सगळी दोनशे.

"न मोजता?"
"न मोजताच."
त्यानं वल्हं आडवं ठेवलं.
"आन ज्या शहाना व्हई गयात?
एकदाव धरेल, त्या परत येतीन का जायामा?"
हे आमच्या पुस्तकात तळटीपेत आहे,
बारीक अक्षरात. सुपडू तिसरी नापास.

म्हटलं, आपण धरून चालतो की येतात.
धरून चालतो की कुणी बाहेरून आलं नाही,
कुणी वरच्या नाल्यात निघून गेलं नाही,
ठिपका खरवडला नाही, कुणी मेलं नाही.

तो बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिला.
गाठ नव्हती तिथे.

"एक मरी गयंतं, ताई.
आठ दिन व्हयनात. मन्हा जायामा.
ठिपकावालं.
बाभूयखाले गाडी टाकं."

फळीवरचे चाळीस अंगठ्यानं पुसले.
एकोणचाळीस. पुन्हा गुणलं, भागलं.
एकशे पंच्याण्णव.

"मरेल तं एकच ना? मंग पाच कसा कमी व्हयनात?"

सांगायला गेले,
एकेका ठिपक्यामागे न दिसलेली चार उभी असतात.
ती चार मेली नाहीत, सुपडूबाबा, ती नव्हतीच,
मघाशी माझ्याच तोंडून निघाली होती.
खडू ओला झाला होता, नीट उमटेना.
आणि तो पाण्याकडे बघत होता.

वहीत तारीख घातली, आकडा लिहिला.
काठाला लागल्यावर त्यानं बाभळीखालची जागा दाखवली.
भुसभुशीत मातीवर एक दगड.

मी चपला झटकून निघाले तेव्हा
तो नदीच्या पात्रात वाकून
आणखी चार निवडत होता.