मणी

आडगावच्या जुन्या इमारतीत, जनरेटरच्या मागे,
सशांची खोली.
संध्याकाळी मार्केट यार्डातली न विकलेली कोथिंबीर घेऊन
गांगुर्डे मामा येतात, जुडी सोडतात,
सत्तावीस नंबरच्या कानामागे बोट ठेवून म्हणतात,
चालू आहे.

कोठावदे मॅडमनी त्याच्या मानेतली उजवी धमनी उघडली
तेव्हा ट्रे मी धरला होता.
डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं एन्झाइम
वीस मिनिटं आत कोंडायचं.
ते भिंतीतलं रबर खाऊन टाकतं.
मग टाके. मग तीन आठवडे.
उरलेलं काम रक्त करतं, रात्रीसुद्धा.

पुस्तकात त्या फुग्याला कुठल्या परक्या फळाचं नाव आहे.
मी मोहाडीची. आम्ही मणी म्हणतो.
बारावीच्या सुट्टीत मी विरळणीला जायचे,
कात्रीनं घड हलका करायचा,
राहिलेल्या मण्यांना जीएचं पाणी, फुगवणीसाठी.
नंतर प्लास्टिकच्या रिंगा घेऊन कंपनीचा माणूस यायचा.
अठरा मिलिमीटर, पास.
सोळा, मागे.

इथे मोजमाप उलटं.
सात आले की मॅडम चष्मा काढून ठेवतात.

मामांचं डोकं दिवाळीत दुखलं,
असं, की हातातली बादली न ठेवताच त्यांनी भिंत धरली.
फुटला नव्हता.
केवढा आहे गं?
चार.
आणि सत्तावीसचा?
त्याचाही चारच.
मामा हसले. म्हणजे एका प्रतीचा माल.

ससाच का, हे मी मुलाखतीत घडाघडा म्हटलं होतं:
नळी आपल्या मेंदूतल्या नळीएवढी,
रक्त गोठतं साधारण आपल्यासारखं.
आणखी काय आपल्यासारखं,
तो रकाना नीतीसमितीच्या फॉर्मवर नाही.

गुरुवारी कॉइल घातली. प्लॅटिनमची,
केसासारखी तार, मण्यात जाऊन गुंडाळी करून बसली.
तीन महिन्यांनी बघायचं, भिंतीनं तिला धरलं का.
बघायचं म्हणजे भिंत बाहेर काढायची.
रजिस्टरात त्याला सॅक्रिफाइस लिहितात.
मामांनी अर्थ विचारला. मी नळ सोडला जोरात.
मॅडम म्हणाल्या, बळी.
आणि लगेच, तसं नाही हो मामा, शब्दच तसा आहे.

त्या दिवशी पिंजरा दोनदा धुतला गेला.
रकान्यात मामांचं अक्षर:
२७. गेला. पाला खाऊन गेला.

भिंतीनं धरलं होतं. स्लाइडवर मीच पाहिलं,
तारेवरून पातळ गुलाबी साय चढलेली.
मामांना सांगितलं तर म्हणाले,
बरं झालं, आणि पाटी धुवायला गेले.

त्यांना कॉइल बसवायची की अजून सहा महिने बघायचं,
डॉक्टरांचं ठरत नाही.
परवा त्यांनी आपली फिल्म खिडकीशी धरली,
घड उन्हात धरून आतली साखर बघतात तशी.
मी बोट ठेवायला गेले.
थांब, म्हणाले, माझा मला सापडू दे.

मागे अठ्ठावीस जाळी कुरतडत होता.