तीनशे पंचाहत्तर

सदरला, रेसिडेन्सी रोडच्या वळणावर
हकीमुद्दीनभाईंचं बंदुकांचं दुकान.
मी तिथे कीर्द लिहायचो, पगार पंचेचाळीस रुपये.
मे महिना. दारावर वाळ्याची ताटी,
तिच्यावर पाणी मारायचं कामही माझंच.

यादोराव कुंभलकर आले. मालगुजारी गेली होती,
मिशी राहिली होती.
घरात दोन रायफली, एक वडिलांची, एक स्वतःची,
खिशात रानगव्याचा परवाना.
म्हणाले, चारशे सत्तरची काडतुसं काढा.
गवा म्हणजे काय हरीण आहे?

भाईंनी काचेवर हिरवी बनात पसरली,
एकेक काडतूस उभं केलं, देव्हाऱ्यातल्या टाकांसारखं.
हे तीनशे पंधरा. चितळाला ठीक, गव्याला नुसत्या गुदगुल्या.
हे तीनशे पंचाहत्तर, गोळी तीनशे ग्रेनची.
सांबराला मऊ नाकाची घ्या. गव्याला टणक,
खांद्याचं हाड फोडून सरळ आत जाणारी,
वाटेत न उमलणारी.
आणि हे चारशे सत्तर. हत्तीला खाली बसवतं.
चालवणाऱ्यालाही.

यादोराव हसले नाहीत.

मग भाईंनी विचारलं,
जखमी झाला तर गवतात कोण शिरणार?
यादोरावांनी मागे न बघता अंगठा दाखवला.
ताटीच्या ओलीत, वहाणा हातात धरून
लाल्सू पेंदाम उभा होता. उमरेडकडचा.
ये इकडे, भाई म्हणाले,
आणि त्याच्या दोन तळव्यांवर दोन काडतुसं ठेवली.
डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.

त्याने वजन केलं नाही. काडतुसांकडे पाहिलंही नाही.
"मालक घोडा दाबतानी डोये मिटते,
थोरलीचा धक्का आठवून.
लहानीच्या वक्ताले मिटत नाही."

ताटीतून पाणी ठिबकत होतं.
बाहेर टांगेवाला घोड्याला शिव्या घालत होता.
यादोरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या,
त्या मी पाहिल्या आणि
झालेली बेरीज पुन्हा करायला घेतली.

"वीस द्या," शेवटी ते म्हणाले. "टणक. तीनशे पंचाहत्तर."
लाल्सूने ओंजळ काचेवर रिकामी केली,
बाहेर जाऊन वहाणा पायात घातल्या.
मी लिहिलं: नग वीस, परवाना क्रमांक, सही.

गव्याचं काय झालं ते कीर्दीत येत नाही.
दसऱ्याच्या सुमारास बर्डीवर
लाल्सू एकदा दिसला, खडेमीठ घेत होता.
दुकानदाराला पैसे देताना त्याने हात पुढे केले.
मी बोटं मोजली.

आठ होती.